काळ्या ट्रंकेची खोड

"सुटलो एकदाचा!" हे वाक्य मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेल, पण मनापासून एकदाच. तेव्हा माझ्या हातात गंजलेली कडी होती आणि समोरचा रेल्वेचा बाबू माझ्याकडे बघून हसत होता.

शहाद्याकडे, ब्राह्मणपुरीच्या पलीकडे, एका गावात नवीन हायस्कूल निघालं होतं. मी तिथे इंग्रजीचा मास्तर. मुंबई राज्य होतं आणि इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. त्यामुळे मिसरूड फुटायला आलेली पोरं माझ्यापुढे बसून 'गुड बॉय, बिग मँगो, ब्यूटिफुल फ्लॉवर' असं घोकायची. वर्गात तीन मुलीही होत्या, त्याही घोकायच्या. विशेषण म्हणजे नामाबद्दल जास्त माहिती सांगणारा शब्द, ही व्याख्या सगळ्यांना पाठ. माहिती कुणीच काही सांगत नसे. मीही खोदून विचारत नव्हतो. विशेषणांचा मला मुळातच कंटाळा होता. नाम आणि क्रियापद आपलं काम करतात, हे मधेच नटूनथटून कशाला येतं, असं वाटायचं.

माझी नोकरी तात्पुरती होती. मूळ प्रमाणपत्रं दाखवल्याशिवाय कायम करता येणार नाही, असं हेडमास्तरांनी रुजू होतानाच सांगितलं होतं. तपासणीला साहेब महिनाअखेरीस यायचे होते. प्रमाणपत्रं होती, माझ्या ट्रंकेत होती. दिवाळीच्या सुटीत मी घरी चिंचपाड्याला गेलो तेव्हा ती ट्रंक बरोबर नेली. शाळेशेजारच्या माझ्या खोलीच्या दाराला धड कुलूपही लागत नसे. किती विचार केला बघा! एवढा शहाणपणा केला आणि परतताना खांडबाऱ्याला चहा प्यायला उतरलो.

बाजाराचा दिवस होता. चहा गरम होता. मी फुंकर मारीत उभा, आणि गाडी निघाली. अहो, धावलो की! पण कांद्याची पोती, कोंबड्यांच्या टोपल्या आणि बायामाणसं यांच्यातून वाट काढीपर्यंत शेवटचा डबा पुढे गेलेला, आणि ट्रंक त्याच गाडीत. हातात कपबशी तशीच. चहावाल्याने ती परत मागितली तेव्हा मी त्याच्यावरच ओरडलो. बिचाऱ्याचा काय दोष?

स्टेशनमास्तर भला माणूस. त्याने पुढच्या स्टेशनांना निरोप पाठवला, मला अर्ज लिहायला लावला, तोही इंग्रजीत. मी ऐटीत लिहिलं: वन बिग ओल्ड ब्लॅक ट्रंक. सही केली. इंग्रजीचा मास्तर ना मी!

दहा दिवसांनी लाइनीच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर आलं. सापडलेल्या सामानात काळ्या ट्रंका बऱ्याच आहेत, मोठ्या आहेत, जुन्याही आहेत. तरी संपूर्ण तपशील कळवावा, नाहीतर मागणी निकाली काढण्यात येईल. महिना संपायला अठरा दिवस उरले होते. विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागवायची तर सहा महिने लागले असते. हेडमास्तरांनी चष्मा पुसत विचारलं, "मास्तर, काय करू या आपण?" 'आपण' म्हणाले, पण घरी जाणार होतो मी एकटाच.

रात्रंदिवस डोळ्यांपुढे ट्रंक आणायचा प्रयत्न केला. काय दिसलं? मोठी, जुनी, काळी. आठ वर्षं ज्या वस्तूला उशाशी घेऊन झोपलो तिच्याबद्दल चौथा शब्द सुचेना. लाज वाटली हो!

शेवटी ते पत्र घेऊन सरळ आठवीच्या वर्गात गेलो. माझी ट्रंक या पोरांनी माझ्यापेक्षा जास्त हाताळली होती. जूनमध्ये त्यांनीच ती बैलगाडीतून उतरवून घेतली होती, आणि संध्याकाळी जादा अभ्यासाला माझ्या खोलीवर आले की चारपाच जण तिच्यावरच बसायचे. फळ्यावर 'ट्रंक' लिहिलं आणि म्हणालो, "हिला विशेषणं लावा. माझी नोकरी यावर आहे." खरंच सांगितलं तसं.

मग एकजण उठला. "गुड ट्रंक."

"बस."

"ब्यूटिफुल ट्रंक, सर."

"डोंबल तुझं! बस खाली." खडू असा आपटला की त्याचे तीन तुकडे झाले. पण रागवायचं कुणावर? हे मीच तर शिकवलं होतं त्यांना.

तेवढ्यात मुलींच्या बाकावरून एक हात वर झाला. हिचे वडील बैलांचे व्यापारी, घरी गुजर शेतकऱ्यांची सतत ये-जा. मुलगी एरवी तोंड उघडत नसे. उभी राहून म्हणाली, "सर, असा बैल हरायना तं कोन्ही देवाव नही." असं वर्णन सांगितलं तर हरवलेला बैल कोणी परत देणार नाही, म्हणजे. मी म्हटलं, "मग कसं सांगतात?" तर म्हणाली, "चांगलं नका सांगा, सर. चांगला तं सगळाच सारखा ऱ्हातस. खोड सांगा."

तिच्याकडे बैल विकताना खोड आधी सांगायची रीत होती. एक शिंग खाली झुकलंय, डाव्या खुराला चीर आहे, उजव्या बाजूने हात लावला की लाथ मारतो. सगळं उघड बोलायचं, मगच पुढची गोष्ट. आणि तोच बैल हरवला तर त्याच खुणांवर घरी यायचा.

मग काय विचारता! सगळा वर्ग माझ्या ट्रंकेवर तुटून पडला. पुढून मागे, वरून खाली, बाजारात जनावर तपासतात तशी तपासली त्यांनी ती न बघता. डावी मूठ मोडलेली, तिथे सुंभ बांधलेला. झाकण मधोमध बसलेलं, चौघांच्या वजनाने. मागचा एक कोपरा गंजून भोक पडलेला. उजवी बिजागरी ओरडते. कडी ढिली. "सर, वाकडाले इंग्रजीमा काय म्हंतस?" मी शब्द सांगायचो, ते लगेच वहीत उतरवायचे. ब्रोकन, बेंट, रस्टी, लूज, नॉइझी. या शब्दांसाठी मला त्यांना ओरडावं लागलं नाही की छडी दाखवावी लागली नाही. त्यांना ते हवे होते.

फळा भरत आला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, काळा रंगना खाले लाल फुली शे." ज्याच्या तोंडून निघालं त्यानेच लगेच जीभ चावली.

आता हे सांगितलंच पाहिजे. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकी होते, रुग्णांसाठी भात आणि पेज शिजवायचे. ही ट्रंक तिथली औषधांची जुनी पेटी, तिच्यावर लाल फुली रंगवलेली. मी कॉलेजला निघालो तेव्हा डॉक्टरांनी ती वडिलांना दिली. या गावात मात्र मी 'वडील दवाखान्यात असतात' एवढंच म्हणत असे आणि लोक त्यांना कंपाउंडर समजायचे. मी समजू देत असे. फुली बघून कुणी जास्त खोदून विचारू नये म्हणून येण्याआधी बाजारातून काळ्या रंगाचा डबा आणून दोन हात मारले होते. फुली बुजली, असं मला वाटत होतं.

"कधी दिसली तुम्हाला?" मी विचारलं.

"पहिला दिवसनेच, सर."

म्हणजे जूनपासून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. माझे कान तापले. त्या चाळीस पोरांकडे पाठ करून मी मोडक्या खडूचा तुकडा उचलला. मग लिहिलं: फेंट रेड क्रॉस अंडर ब्लॅक पेंट. तेच सगळं कागदावर उतरवून संध्याकाळच्या टपालात टाकलं.

अकराव्या दिवशी रेल्वेचं बोलावणं आलं, तसा लाइनीच्या त्या टोकाला गेलो. बाबूने माझं पत्र हातात घेऊन एकेका शब्दावर बोट ठेवत ट्रंक तपासली. मूठ बघितली, झाकण बघितलं, बिजागरी तर मुद्दाम दोनदा वाजवून बघितली. शेवटी किल्लीने रंग थोडा खरवडला. आतून लाल निघालं. "घ्या मास्तर, तुमचीच!" तेव्हा ढिली कडी हातात धरून म्हणालो मी ते वाक्य, 'सुटलो एकदाचा!' आत बायकोने दिलेल्या करंज्यांचा मुंग्यांनी फडशा पाडला होता, पण प्रमाणपत्रं कोरडी ठणठणीत. तिथेच जमिनीवर बसलो आणि पोटभर हसलो.

तपासणी झाली, नोकरी कायम झाली. पुढच्या रविवारी घरी जाऊन वडिलांना सगळी हकिकत सांगितली, फुली लपवल्याचंही सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाले, "तू कॉलेजला निघालास ना, त्याच्या आदल्या दिवशी मीही ती विटेने घासली होती. पोरांत तुला खाली बघावं लागू नये म्हणून. दोन तास घासली, निघालीच नाही मेली."

मग माझ्या ताटात वाढत म्हणाले, "बरं झालं नाही निघाली."