पावणेचार मीटरचं शेत

रोव्हरच्या स्क्रीनवर आकडा आला, पावणेचार मीटर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. बांधापासून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेवढंच. शेताची लांबी जवळजवळ चारशे मीटर आणि चार भावांपैकी एकाच्या वाट्याला येणारी रुंदी पावणेचार. मुकुंदवाडीतली माझी बैठकीची खोलीसुद्धा याहून रुंद आहे.

मी भूकरमापक, म्हणजे सरकारी खात्यातर्फे जमीन मोजून देणारा माणूस. पूर्वी आम्ही साखळी ओढायचो, आता काठीवर बसवलेलं रोव्हर नावाचं यंत्र उपग्रहाच्या मदतीनं हद्दीचा बिंदू दाखवतं. मोजणीत माझी चूक निघाली असं सव्वीस वर्षांत कोणी म्हटलेलं नाही, आणि याचा मला थोडा गर्वही आहे.

बिडकीनच्या अलीकडचं हे गाव. चार भाऊ, वडील वारलेले, बहीण नाही, आईनं आपला हिस्सा मुलांना सोडलेला. जमीन तीन ठिकाणी होती. नाल्याकाठी काळी, माळावर मुरमाड आणि विहिरीजवळ मोसंबीची बाग. अर्ज होता तिन्ही ठिकाणच्या उभ्या वाटणीचा. उभी वाटणी म्हणजे शेत लांबीच्या दिशेनं चिरायचं, म्हणजे प्रत्येकाच्या पट्टीचं एक टोक पाण्याला आणि दुसरं रस्त्याला लागतं. कोणाचं पाणी अडत नाही, कोणाची वाट अडत नाही.

थोरले भाऊसाहेब खुणा बघत माझ्या मागून चालत होते. मी त्यांना म्हणालो, बांधाची जागा सोडून जे उरेल त्यात ट्रॅक्टर घातला तर वळणार कुठं? ते म्हणाले, शेजारच्या पट्टीत वळेल, भाऊच हायेत. मी विचारलं, भावानं आधी पेरलं असेल तर? ते पुढच्या खुणेकडे चालू लागले.

खरी अडचण बागेत आली. बाग धाकट्या कैलासनं उभी केलेली. पहिले दोन उन्हाळे त्यानं आणि त्याच्या बायकोनं हंड्यानं पाणी घालून रोपं जगवली होती. पाऊस रुसला की सगळं घर याच बागेवर तगायचं. शेताच्या रुंदीत झाडांच्या दोनच ओळी होत्या. चार पट्ट्या पाडल्या तर ओळी मधल्या दोघांच्या वाट्याला जात होत्या. कडेच्या दोघांना, म्हणजे भाऊसाहेबांना आणि खुद्द कैलासला, एकही झाड येत नव्हतं.

मला हायसं वाटलं. म्हटलं, आता तरी यांना पटेल. बांधावर बसून मी कागदावर आकृती काढली. बाग अख्खी कैलासला द्या, बाकीच्या दोन ठिकाणी तिघांना जास्त जमीन द्या, प्रत्येकाचं शेत एका जागी येईल. चौघांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

भाऊसाहेब म्हणाले, "सायेब, तुमचं बरुबर हाय. आज आमी व्हय म्हनू. उद्या आमची पोरं म्हनतील, काकानं हिरीवरचं रान लाटलं."

आई बांधावरच बसली होती. तिनं शांतपणे सांगितलं, "माझ्या सासऱ्यानं बी असंच वाटलं व्हतं. समद्यात समद्यांला. आमच्या घरातलं कुनी कोर्टाची पायरी नाय चढलं."

मग कैलास बोलला. "झाडं काढून टाकू. मंग कुनाला जास्त नाय, कुनाला कमी नाय."

मला वाटलं, रागानं म्हणतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर राग नव्हता. भावांच्या मनात किल्मिष राहू नये म्हणून स्वतःच्या हातची बाग तोडायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मधले दोघे मान खाली घालून उभे होते. नको म्हणायला कोणीच पुढं झालं नाही.

बाजूला जाऊन मी ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला.

"अर्जात काय आहे?"

"उभी वाटणी, सर. पण शेताची वाट लागतेय."

"क्षेत्र कायद्यात बसतंय?"

"बसतंय. बागायतीला किमान दहा गुंठे लागतात, इथं पंधरा-पंधरा होतात."

"मग? आपण मोजतो, वाटत नाही."

साहेब चूक नव्हते. कायदा क्षेत्र बघतो, रुंदी बघत नाही. मी खुणा करून दिल्या.

ऑफिसात आल्यावर राहवलं नाही म्हणून बागेच्या गट नंबरचे जुने नकाशे काढले. या भावांच्या खापरपणजोबांच्या वेळी तिथं एकच मोठं चौकोनी शेत होतं. पुढच्या प्रत्येक नकाशात उभ्या रेघा वाढत गेलेल्या. मी सगळे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, चाळले. इतक्या वर्षांत या घराण्यानं एक गुंठाही विकलेला नव्हता. कोणी उडवला नव्हता, कोणी हिसकावला नव्हता. नेकीनं वाटता वाटताच हे लोक गरीब झाले होते, आणि प्रत्येक रेघ माझ्यासारख्याच कुणीतरी बिनचूक मारली होती.

वर्षभरानं शेजारच्या गटाच्या मोजणीला गेलो. बागेच्या जागी खुंट होते आणि कमरेएवढं गवत. ट्रॅक्टरवाला इतक्या अरुंद पट्टीत यायला तयार होत नाही, असं कळलं. चौघांपैकी तिघे कंपनीत कंत्राटावर लागले होते. कैलास कंपनीच्या कपड्यात रस्त्यावर भेटला. तो म्हणाला, "मोजनी मातर एक नंबर केली सायेब. इंचभर इकडं तिकडं नाय."

इतकी वाईट शाबासकी मला आजवर मिळाली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येऊन गावी, अजिंठ्याकडं, धाकट्या भावाला फोन केला. आमचीही वाटणी उभीच झालेली, आणि ती मोजली होती मी. माझी पट्टी त्याच्या पट्टीला लागूनच आहे. गेली बारा वर्षं मी तिच्यात पाऊल ठेवलेलं नाही, पण ती पट्टी माझी आहे एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलेलं. त्याला म्हणालो, माझी पट्टी तुझ्या नावावर करून टाकू, मधला बांध मोड आणि सलग पेर.

त्यानं घाबरत विचारलं, "दादा, माझं काय चुकलं का?"