मधुकरकाकांचे रेझर

जयपूरमधल्या सीतापुऱ्यातल्या ऑफिसात दुपारच्या मीटिंगला निघालो होतो, तेवढ्यात मधुकरकाकांचे घरमालक शर्माजी यांचा फोन आला. "भैया, आप आ जाइए... काकाजी नहीं रहे." सकाळी चहा घेतला, पेपर वाचता वाचता मान टाकली, एवढंच ते सांगू शकले. मी बनी पार्कला काकांच्या खोलीवर पोचलो तेव्हा काकांना चादरीवर निजवलं होतं. माझ्या नजरेत आधी भरली ती त्यांच्या गालांवरची पांढरी खुंटं. आता काही आठवडे उलटले, पण डोळे मिटले की अजून तीच दिसतात.

सांगलीहून नोकरीसाठी जयपूरला आलो, तो पहिला हिवाळा मला फार जड गेला होता. रविवार तर खायला उठायचा. स्टेशनजवळ रविवारी हटवाडा भरतो, जुन्या वस्तू जमिनीवर मांडून बसणाऱ्यांचा बाजार. वेळ घालवायला मी तिथं हिंडत होतो. गंजकी कुलपं, बंद पडलेली घड्याळं, कंदिलाच्या काचा... आणि शेजारी उकिडवे बसलेले एक गृहस्थ हातातल्या कसल्याशा पितळी वस्तूशी बोलत होते, "दांडा बरा हाय, पन डोकं वाकडं झालं याचं." फोन सोडला तर कित्येक दिवसांत मराठी ऐकली नव्हती. मी म्हणालो, "काका, महाराष्ट्रातले का?" त्यांनी वरही पाहिलं नाही. "बडनेऱ्याचा. धर हे," म्हणत त्यांनी ती वस्तू, दाढीचा एक जुना रेझर, माझ्या हातात दिली. त्याचं वजन पाहून मी चकितच झालो. मला आपली प्लास्टिकची, वापरून फेकायची सवय.

मग दर रविवारी मी मधुकरकाकांकडे जाऊ लागलो. ते रेल्वेत गार्ड होते. शेवटची बदली जयपूरला झाली, इथंच काकू गेल्या, मुलगी रेखा लग्न होऊन इंदूरला गेली. ती सारखी बोलवायची. "तिथं पाहुना होऊन राहीन मी," असं म्हणून ते टाळायचे. शर्माजींच्या बंगल्यातल्या खालच्या खोलीत ते आणि त्यांचे रेझर राहायचे. कपाटात जुना टॉवेल अंथरून ओळीनं ठेवलेले. कुणाचा दांडा पिळला की डोक्यावरची दोन झाकणं दारांसारखी उघडायची, कुणाचा दांडा काळ्या बॅकेलाइट प्लास्टिकचा, कुणी चामड्याच्या लहानशा डबीत. कोरा रेझर मात्र त्यांनी कधी घेतला नाही. एकदा विक्रेत्यानं न उघडलेला डबा मोठ्या कौतुकानं पुढं केला, तर काकांनी तो परत दिला. "यानं कोनाचा गालच पाह्यला नाही." घरी आणलेला रेझर ते साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं साफ करत, पण अंगठ्यानं झिजलेली जागा तशीच राहू देत. ती मला दाखवून म्हणत, "रोज सकाळी इथंच धरत असंल तो. ड्यूटीवर जायच्या आधी... लगीन असंल त्या दिवशी..." अशा अनोळखी माणसांबद्दल ते घरच्यासारखे बोलत. माणसं म्हणाल तर त्यांच्याकडे माझ्याशिवाय कुणी येत नव्हतं, आणि मलाही दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. हनुवटीवर कागदाचे कपटे चिकटलेले दिसायचे. विचारलं की "थंडीनं होते" म्हणायचे. उन्हाळा आला तरी थंडीच. पुढं तर दाढीच वाढू लागली. न्हाव्याकडे जायला ते तयार नव्हते. उभ्या नोकरीत, परक्या गावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या मुक्कामाच्या खोलीत, पहाटेच्या गाडीआधीसुद्धा त्यांनी आपली दाढी आपणच केली होती. एका रविवारी मी धीर करून विचारलं, "काका, मी करू?" हातातला स्वच्छ पितळी रेझर ते बराच वेळ पुन्हा पुन्हा पुसत राहिले... मग उठून त्यांनी पाणी गरम करायला ठेवलं.

गच्चीवर उन्हात बसवून मी त्यांच्या गालाला फेस लावला. रेझर टेकवला. डोळे मिटूनच ते म्हणाले, "दाबू नोको. त्याच्या वजनानंच चालू दे." कानाखालचा एक ठिपका माझ्याकडून दर वेळी राहायचा आणि ते बोट लावून दाखवायचे. झाल्यावर दोन्ही गालांवरून हात फिरवून म्हणाले, "आता कुठं मानसात आलो." पुढच्या रविवारी मी गेलो तर पाणी आधीच तापलेलं होतं.

काका गेले त्या दिवशी रेखाताई विमानानं संध्याकाळी पोचल्या. बराच वेळ वडिलांच्या उशाशी बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दादा, बाबांना असं... मतलब, दाढी वाढलेली मी कधी बघितलीच नाही." हाताच्या थरथरीचं काकांनी मुलीला कळूच दिलं नव्हतं. मी सांगितलं. ताई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. गरम पाणी. तिथं कुणीही म्हणालं नाही की गरम कशाला. मी तोच पितळी रेझर घेतला. गाल गार होते, कातडी हलत नव्हती. कानाखाली आलो आणि माझा हात थांबला. त्यांचं बोट येईल म्हणून मी खरंच थांबलो होतो... मग ती जागा मी माझी मीच साफ केली.

दिवसकार्य आटोपून रेखाताई निघाल्या. सगळे रेझर त्यांनी इंदूरला नेले, पितळी तेवढा माझ्याकडे दिला. खोलीची किल्ली शर्माजींना द्यायचं काम माझ्यावर होतं. शेवटचं म्हणून आत गेलो. खोली रिकामी होती. भिंतीवर एक आरसा आणि त्याच्यासमोर वेताची खुर्ची, एवढंच उरलेलं. आरसा मला नेहमी तिरपा वाटायचा, म्हणून सरळ करायला गेलो. तो खिळ्याला मुद्दाम तारेनं आवळून तसा बसवला होता. मी खुर्चीत बसून पाहिलं. आरशात माझा चेहरा नव्हताच. पाठीमागचं उघडं दार दिसत होतं, त्यापलीकडे अंगण आणि बाहेरचं लोखंडी फाटक... रविवारी मला कधी बेल वाजवावी लागली नाही. स्कूटर लावेपर्यंत काका उंबऱ्यात येऊन उभे असायचे.

शर्माजी बाहेरून हाक मारत होते. मी जरा वेळ तसाच बसून राहिलो. आरशात फाटक दिसत होतं. रस्त्यावरून एक सायकल गेली. आत कुणी आलं नाही.