कडेच्या चार सऱ्या

माझ्या नातीची शाळा बंद पडायला आली होती, तीही नववीत, आणि कारण काय, तर बिबट्या. आमची वस्ती नेवाशाच्या अलीकडं. वस्तीपासून एसटीच्या फाट्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट, दोन्ही अंगांनी ऊस. बिबट्यानं शेजारची कालवड नेली आणि माझ्या लेकानं सांगून टाकलं, "बास झालं. पोरीनं आता घरी बसायचं."

तिच्या वर्गाच्या बाई धीराच्या. त्यांनी आमच्या ओट्यावर सगळ्यांना बसवलं: फॉरेस्टचे साहेब, वायरमन, कारखान्यात उसाची नोंद ठेवणारे भाऊ, वस्तीवरचे शेतकरी. म्हटलं, इतकी शहाणी माणसं जमली, आता निघेल काहीतरी. दोनदा चहा झाला, निघालं काहीच नाही. साहेब म्हणाले, बिबट्या उसात राहतो, ऊस तोडा. भाऊ म्हणाले, कारखान्याची तोड ऊस लावल्याच्या तारखेनंच येणार. वाटेवर दिवे लावा म्हटलं, तर वायरमन म्हणाला, खांब माझे, दिवे ग्रामपंचायतीचे.

मी म्हटलं, "मग बिबट्यालाच सांगू का, तारीख बघून ये म्हणून?"

हसले सगळे. मला मेलं हसू येत नव्हतं.

मग मीच एकेकाला धरलं. मी काही शिकलेली नाही, पण विचारायला काय लागतं? साहेबांना म्हटलं, "ह्यो बसतो कुठं?"

"वाटेला चिकटून ऊस असेल तिथं, आजी. मोकळ्यात उघडं पडायला त्याला आवडत नाही."

भाऊंना म्हटलं, "कडेचा ऊस जनावरांना काढला तर?"

"तुमचा ऊस, तुमची जनावरं. आमची काय हरकत?"

झालं की मग. वाटेच्या दोन्ही कडांच्या चार-चार सऱ्या, म्हणजे उसाच्या चार-चार ओळी, वैरणीला काढायच्या. हे दोघं तासभर मांडीला मांडी लावून बसले होते, एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

"पण सुरुवात कुणी करायची?" एकानं विचारलं.

वायरमन चहाची बशी ठेवत म्हणाला, "फाट्यापर्यंत पाच खांब हायेत. पहिले दोन आजींच्याच उसात."

लेक खाली बघत म्हणाला, "आई, चार सऱ्या म्हंजी लई ऊस जातो."

"पोरीची शाळा जाताना न्हाई आठवलं तुला, लई जातं म्हणून?"

दोन दिवस तो हलला नाही. तिसऱ्या दिवशी मी कोयता घेऊन उसात शिरले. मागून सून आली. घटकाभरानं तोही कोयता घेऊन आला. दोन दिवसांत दुसऱ्या खांबापर्यंत आमच्या दोन्ही कडा मोकळ्या झाल्या, आणि नात पुन्हा शाळेत जायला लागली. पण माझ्याबरोबर.

कारण दुसऱ्या खांबापुढं ऊस तसाच आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, "करू की, आजी." दिव्यांचा अर्जही कुठंतरी पडलाय. दुसऱ्या खांबापर्यंत नात पुढं चालते, तिथून माझा हात धरते. साहेबांनी सांगितलंय, मोठ्यानं बोलत जा. बोलण्याचं मला काय कौतुक. मी त्या पुढच्या उसाच्या मालकाला उद्देशून जे सुरू होते, ते फाटा येईपर्यंत थांबत नाही.

काल त्यानं विचारलंच, "आजी, रोज सकाळी काय ओरडता?"

म्हटलं, "बिबट्याला सांगते, ह्यो ऊस कुणाचा हाय ते."

मान खाली घालून गेला. सऱ्या अजून उभ्याच आहेत.