शेवटच्या ओळीपर्यंत

आमच्या पाड्याला टँकर येत नव्हता आणि तहसीलच्या कागदावर रोज येत होता. धरणं आमच्या शहापुरात, पाणी मुंबईला, आणि आमच्या वाट्याला कागद. मी तहसीलच्या साहेबांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकून त्या टँकरच्या जीपीएसची नोंद मागितली. साहेबांनी पेनड्राइव्हवर अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्या टँकरची एकच अगडबंब फाईल दिली. म्हणजे, माहिती मागतोस ना, घे, मर तिच्याखाली.

मुरबाडला माझी मैत्रीण कॉम्प्युटर क्लास चालवते. फाईलवर क्लिक केलं, स्क्रीन पांढरी झाली ती झालीच.

"दुसऱ्या कशात तरी उघड," मी म्हणालो.

"उघडली तरी पूर्ण उघडली हे कशावरून?"

तिने आधी फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅमचीच परीक्षा लावली. माझ्या अर्जाचाच मजकूर घेतला, तोच खाली पुन्हा, मग दोन्ही पुन्हा, असं दुप्पट करत साहेबांच्या फाईलीपेक्षा जड फाईल बनवली. अगदी शेवटी लिहिलं, 'इथवर आलास तर चहा.'

पहिला प्रोग्रॅम गुदमरला. दुसऱ्याने झटकन उघडली. मी खूश. ती तळाशी गेली, तर चहाची ओळ गायब. मधूनच कापलेली, सूचना एका शब्दाची नाही.

"हा तुझ्या साहेबाच्या नात्यातला दिसतो," ती म्हणाली.

तिसरा बैलगाडीसारखा चालला, पण चहापर्यंत पोचला. मग त्यातच खरी फाईल उघडली आणि टँकरचा नंबर शोधला.

टँकरच्या तक्रारीवर साहेबांसमोर सुनावणी लागली, तिला पाड्यातली काकू रोजंदारी बुडवून माझ्यासोबत आली. साहेब म्हणाले, "माहिती दिलीय. टँकर जातो असं तिच्यात स्पष्ट आहे."

"मग इथेच उघडून दाखवा."

त्यांनी उघडली. स्क्रीन पांढरी. शिपाई उगाच माउस हलवून बघत होता.

काकूने विचारलं, "सायेब, तुमाला उघडतच नाय, तर टँकर आल्याचं वाचलंत कुठं?"

मी लॅपटॉप पुढे सरकवला. टँकर रोज निघत होता, आटगाव मागे टाकून वाशिंदला नव्या बिल्डिंगांच्या गेटपाशी उभा राहत होता. शेवटच्या ओळीपर्यंत आमच्या पाड्याकडे एकदाही वळला नव्हता. ही फाईल साहेबांनी न वाचता आमच्या अंगावर फेकली होती. आम्हाला ती उघडता येणार नाही, या एकाच भरवशावर.

"पुढची तारीख देतो," साहेब म्हणाले.

"तारीख काय पितात?" काकू खुर्ची ओढून बसली. "टँकर द्या. तवर आमी हितंच."

मीही बसलो. ऑफिस बंद व्हायच्या आत आदेशावर सही झाली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. अर्धा. काकूने वर चढून आत डोकावलं आणि माझ्याकडे वळली.

"काय रे, आता उरलेल्या अर्ध्याची पन फाईल मागायची का?"

मी त्याच दुपारी अर्ज टाकला.