साहेबांच्या गुडघ्याची वाटी

आमच्या कुत्र्याचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, रेल्वेत गार्ड होते. बडनेऱ्याहून पॅसेंजर गाड्या घेऊन जायचे. त्यांच्या एका साहेबानं ऐन दिवाळीत त्यांची रजा नामंजूर केली होती, म्हणून त्या साहेबाचं नाव त्यांनी कुत्र्याला ठेवलं. ते गृहस्थ अजून ठणठणीत आहेत, अमरावतीतच राहतात आणि भाजी घेताना मला भेटतात, नमस्कारही करतात. तेव्हा इथं आपण कुत्र्याला नुसतं साहेब म्हणू.

साहेब आमच्याकडं आले माझ्या मुलाच्या हौसेनं. पांढरं पॉमेरेनियन, मुठीएवढं पिल्लू. मुलाला पुण्याला नोकरी लागली, तो गेला आणि हौस आमच्या गळ्यात पडली. पहिल्या दिवशी मामाजी म्हणाले होते की कुत्रं घरात आलं तर मी बाहेर जाईन. मग सासूबाई गेल्या. मामाजींचं बोलणंच आटलं. विचारलं तर हो, नाही, भूक नाही, एवढंच. एका सकाळी मी चहा घेऊन ओसरीत गेले, तर ते कुत्र्याशी बोलत होते. "साहेब, पाय पुसा. साहेब, तुमची रजा नामंजूर." नोकरीत जे जे ओठांवर येऊन परत गेलं होतं ते सगळं त्या बिचाऱ्यावर निघत होतं, आणि तो शेपटी हलवत ऐकत होता. मी चहा ठेवला आणि आत जाऊन थोडी रडले. बरं वाटलं होतं मला.

तर, वाटी. साहेब फाटकाकडं भुंकत धावायचे आणि मधेच मागचा डावा पाय उचलून तीन पायांवर लंगडी घालायचे. चार उड्या मारल्या की पाय मागं ताणायचा, झटकायचा, आणि पुन्हा जसं काही झालंच नाही. मला आधी वाटलं नाटक आहे. आमच्या घरात नाटकं करणाऱ्यांची तशी कमी नाही. पण हे रोजचंच झालं. मग गल्लीतले वैद्य जागे झाले. कोणी म्हणे निर्गुडीचा पाला बांधा, कोणी म्हणे तिळाचं तेल चोळा. पाला साहेबांनी ओरबाडून काढला. तेल चाटून साफ केलं आणि आणखी मागितलं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, अकोल्याला पायाचा एक्स-रे काढून दाखवून या. अकोला माझं माहेर, त्यामुळे मी एका पायावर तयार. मामाजी आयुष्यात रेल्वे सोडून रस्त्यानं अकोल्याला गेले नव्हते. पण रेल्वेनं न्यायचं तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसवावं लागतं. लोकांची कुत्री त्यांनी त्या पेटीतून ढिगानं नेली. आपलं कुत्रं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. शेवटी नवऱ्यानं कार काढली.

डॉक्टर तरुण होते, हात अगदी शांत. त्यांनी अंगठ्यानं गुडघ्याची वाटी हलकेच बाजूला ढकलली, ती सरकली. सोडली, तर परत जागेवर आली. मामाजींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, खोबण उथळ आहे, या लहान जातीत होतं असं. मग त्यांनी साहेबांना काट्यावर ठेवलं आणि आमच्याकडं असं पाहिलं की मी पदर सावरला. म्हणाले, हे कुत्रं नाही, तक्क्या आहे.

"वजन उतरलं, मांडीत ताकद आली, तर वाटी जागेवर राहील. चिरफाड नको," ते म्हणाले. "वजन असंच वाढलं तर उन्हाळ्यात ऑपरेशन करावं लागेल. आणि याच्या छातीत कुरकुर ऐकू येते. भूल दिल्यावर हा उठेलच, असं मी सांगू शकणार नाही."

परतताना मूर्तिजापूरपर्यंत मामाजी साहेबांचा पाय हातात धरून बसले. मग एवढंच म्हणाले, "याले चिरू द्याचं नाई."

झालं. घरात डॉक्टरांचं राज्य सुरू. उड्या बंद, जिना बंद. पंजाखालचे केस कापायचे म्हणजे पाय घसरत नाही. पट्टा लावून सपाट रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ हळूहळू चालवायचं. जेवण मोजून. आणि गुळगुळीत फरशी तर वाईटच. आता आमच्या फरशा मी हौसेनं बसवून घेतल्या होत्या, तोंड दिसेल अशा चकचकीत. त्यांच्यावर जुन्या सतरंज्या आल्या, पायपुसणी आली, नवऱ्यानं योगासनांसाठी घेतलेली चटई आली, जिच्यावर त्यानं एकही आसन केलं नव्हतं. तरी स्वयंपाकघर उरलंच. तिथं मामाजींनी गावाकडच्या गोठ्यातली रबरी चटई आणून टाकली. दहा पाण्यानं धुतली तरी तिला म्हशीचा वास येतो. माझी एक मैत्रीण चहाला आली, तिनं दोनदा मागच्या दाराकडं पाहिलं.

पण दिवाणाचं मी विसरणार नाही. साहेब दिवाणावर उडी मारतात म्हणून मामाजींनी, मी शाळेत शिकवायला गेले असताना, सुताराला बोलावून दिवाणाचे पाय कापून घेतले. सागवानी दिवाण, माझ्या बापानं लग्नात दिलेला. घरी आले तर तो जमिनीवर बसल्यासारखा दिसत होता. मी काय काय बोलले ते इथं नको. साहेब ऐटीत त्यावर चालत चढले. मामाजीही बसले, आणि बसले ते बसलेच. त्यांचेही गुडघे काही धड नव्हते. त्या वीतभर उंचीवरून त्यांना उठता येईना. मग रोज संध्याकाळी एका काखेत मी आणि दुसऱ्या काखेत नवरा, असं आम्ही त्यांना उभं करायचो.

एवढं करून साहेबांचं वजन वाढतच होतं.

मी शाळेत गणित शिकवते. साहेबांना कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीनं उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. वजाबाकीचं उत्तर मी घरात मोठ्यानं सांगत असे, बाकीचे आकडे सांगत नसे. उकडलेली लौकी, म्हणजे दुधी, थोडा भात, चार तुकडे कोंबडी, एवढ्यावर कुत्रं फुगतं कसं? मी नवऱ्यावर संशय घेतला. तो म्हणाला, मलाच लौकी मिळते आजकाल. मामाजींना विचारलं तर त्यांनी सरळ सासूबाईंच्या फोटोवर हात ठेवला. म्हणजे ते खरंच काही घालत नव्हते.

मग एकदा मामाजींना ताप आला आणि सकाळी साहेबांना मी फिरवायला नेलं. पहिल्याच फाटकाशी साहेब बसले. ओढलं तर उठेनात. आतून शेजारच्या काकू बाहेर आल्या, हातात पोळी, पोळीवर तूप. साहेबांनी ती अदबीनं घेतली आणि पुढच्या फाटकाकडं निघाले. तिथंही बसले, तिथंही पोळी, बरोबर गूळ. आमची गल्ली लांब आहे. मी सगळी पाहिली. डॉक्टरांनी मांडीत ताकद यावी म्हणून सांगितलेल्या फेरीत हे गृहस्थ गल्लीभर जेवत फिरत होते, दोन्ही वेळा. मामाजी पट्टा धरून उभे राहत, कारण घालणाऱ्याचा हात कसा धरायचा? फोटोवर हात ठेवताना ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी स्वतः कधी घातलं नव्हतं.

मी काकूंशी भांडायलाच गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, पहिली पोळी गायीची, शेवटची कुत्र्याची, हे तुया सासूनंच मले शिकवलं. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुत्र्याला घाला.

"दुसरं कुठी हाय? तुमच्यानंच भुंकून भुंकून सारे हाकलले," काकू म्हणाल्या. "कुत्र्याची पोळी कुत्र्यालेच जाईन ना बाई. आता काय नवऱ्याले घालू?"

त्यांचं खरं होतं. गल्लीत भटकं कुत्रं औषधालाही उरलं नव्हतं. मी तशीच चरफडत घरी आले. शेवटी तोडगा मामाजींनीच काढला. त्यांनी एक कापडी पिशवी घेतली आणि फाटका-फाटकाशी सांगितलं, पोळी माह्या पिशवीत टाका, नाक्यावरच्या कुत्र्यायले घालतो. बायकांचं पुण्यही राहिलं आणि साहेबांचं तोंडही बंद झालं. मला इतका आनंद झाला की दिवाणाचं भांडण मी त्या दिवसापुरतं मागं घेतलं.

आणि साहेब उतरू लागले. कंबर दिसायला लागली. लंगडी कमी झाली, मग कधीतरीच. मी वजाबाकी करून टाळ्या वाजवायची. पण इकडं मामाजींचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे, अर्धी भाकर चिवडायचे आणि भूक नाही म्हणायचे. पुन्हा तेच ते शब्द. उन्हाळा जवळ आला, त्या ऑपरेशनच्या धास्तीनं म्हाताऱ्याचं अन्न तुटलं, असं मला वाटलं. मी पातोडीची भाजी केली, वडाभात केला, माझ्या हातचं पिठलं त्यांना आवडतं म्हणून ते केलं. नुसतं वास घेऊन ते हात धुवायचे. मी रात्री नवऱ्याला म्हणायची, कुत्र्याचं काही वाईट झालं तर हे राहतात का रे?

उन्हाळ्यात पुन्हा अकोला. माझं माहेर असलं तरी खरं सांगते, त्या उन्हात माणसानं जाऊ नये. सकाळची फेरी संपवूनच आम्ही निघालो, मामाजी कापडी पिशवी छातीशी धरून मागं बसले, साहेब त्यांच्या मांडीवर. दवाखान्यात डॉक्टरांनी काटा पाहिला, मग अंगठ्यानं वाटी ढकलली. थोडी हलली, पण सरकली नाही. पुन्हा ढकलली. राहिली जागच्या जागी. डॉक्टर हसले आणि म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, फक्त हे असंच चालू ठेवा.

मामाजी आनंदानं बाकावरून उठायला गेले आणि मधेच अडकले. ना वर, ना खाली. गुडघा धरून "बाप्पा रे" म्हणत पुन्हा बसले. मी आणि नवरा सवयीनं काखेत हात घालून उचलायला गेलो, तर ते उचलले जाईनात. मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. रोज पाहणाऱ्या माणसाला दिसत नाही म्हणतात ते खरं आहे. शर्टाच्या गुंड्या ताणल्या होत्या. कमरेचा पट्टा शेवटच्या भोकावर आला होता. अर्धी भाकर चिवडणारा माणूस तक्क्या झाला होता.

"मामाजी," मी म्हटलं, "त्या पोळ्या कुठी जातात?"

ते साहेबांच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. मग हळूहळू सगळं निघालं. पहिल्याच दिवशी नाक्यावरची कुत्री धावून आली, साहेब त्यांच्यावर झेपावले आणि वाटी सरकली. त्यानंतर मामाजी नाक्यावर गेले नाहीत. आणि अन्न काय फेकून द्यायचं? गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली दगड आहे, तिथं साहेबांकडं पाठ करून ते बसायचे आणि सगळ्या पोळ्या खाऊन टाकायचे, दोन्ही वेळा.

डॉक्टर तोंडावर हात ठेवून हसत होते. माझं डोकं सणकलं. सगळ्यांसमोर मी बोलले, अहो तुमचे गुडघे, तुमचं वय, काही आहे का मनात? मला सांगायचं तरी काहून नाही?

"तुले सांगितलं असतं तं तू घरोघरी भांडली असती," ते म्हणाले. "अन् बायायनं पुन्हा याले घातल्या असत्या." मग खाली पाहत म्हणाले, "सूनबाई, हा त्या भुलीतून उठला नसता, तं मी तरी सकाळी उठून काय केलं असतं?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. नवऱ्यानं नाक शिंकरलं आणि गाडीचा एसी चालू करतो म्हणून बाहेर गेला. डॉक्टरांनी मामाजींचा हात धरून त्यांना उभं केलं आणि म्हणाले, बाबा, मी जनावरांचा डॉक्टर, पण तुम्हालाही तेच सांगतो, वजन उतरवा, जिना नको आणि याच्यासोबत चालत राहा. मामाजींनी अगदी गंभीरपणे विचारलं की पंजाखालचे केसही कापायचे का.

परतीच्या वाटेवर पिशवी मीच काढून घेतली. आत सकाळच्या पोळ्या होत्या, गल्लीभराच्या, काही तुपाच्या, एक पुरणाची. त्यांना द्यायच्या नाहीत, साहेबांना द्यायच्या नाहीत, आणि टाकायच्या तर कोणाचाच हात होईना. मी एक मोडली, अर्धी नवऱ्याच्या हातात दिली, अर्धी स्वतः घेतली. मग दुसरी. मागून मामाजींनी हात पुढं केला, तर मी तो मागं सारला. साहेब सीटवर पुढचे पाय ठेवून आमच्या तोंडांकडं बघत होते, आणि बडनेरा येईपर्यंत आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडं बघत चावत राहिलो.