करंगळीचा नकाशा

शरीर आपली जखम आपणच भरून काढतं, ही सृष्टीची केवढी मोठी करुणा आहे. माझ्या भावजींच्या पायाच्या करंगळीला मात्र हे अजून कोणी कळवलेलं नाही.

त्यांना मधुमेह जुना. स्वतःच्या सत्काराला त्यांनी नवी कोल्हापुरी घातली, ती चावली, आणि पाय बधिर झालेले असल्यामुळे घरी येऊन रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता.

“चार तास कळलं नाही, काका?” ड्रेसिंग करताना सिस्टरांनी विचारलं.

“भाषणं चालू होती.”

“मग बधिर तुम्ही एकटेच नसणार.”

जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणून सिस्टर दर आठवड्याला जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनाने तिची कड गिरवतात. ती भरत का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सूज म्हणजे खरं तर मदतच असते. पेशी धावत येतात, घाण साफ करतात आणि निघून जातात; मग नवी कातडी धरते. साखर वाढलेली असली की त्या उशिरा येतात आणि मग हलत नाहीत.

मला सत्काराचे प्रमुख पाहुणे आठवले; उशिरा येऊन ते माईक सोडेनात आणि बाकीचे वक्ते मागे ताटकळले होते. करंगळीतही दुरुस्तीवाले असेच मागे ताटकळत उभे असतील का?

सिस्टरांनी आजचा कागद मागच्या आठवड्याच्या कागदावर ठेवला. भावजी श्वास रोखून बघत होते.

“कड दोन मिलिमीटर आत आलीय. बोट बहुतेक राहील.”

भावजींनी हात जोडले. पूर्ण भरायला अजून तीन महिने लागतील, असं सांगून सिस्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.