दणदणीत अबोला

आमच्या साडूंइतका मोठा आवाज करून अबोला धरणारा माणूस उभ्या कोल्हापुरात सापडायचा नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. राजारामपुरीत आमच्या मागच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे त्यांचं रुसणं निस्तरण्यात माझी निम्मी हयात गेली आणि पार कंटाळा आला होता. तांबडा रस्सा पातळ झाला, लग्नपत्रिकेत नाव खाली गेलं, मी न विचारता गाडी विकली, कशावरही एक ठरलेली शिवी हासडून त्यांचं तोंड बंद व्हायचं. आणि तोंड बंद झालं की बाकी सगळं वाजायला लागायचं. चहा हवा असला की पेला आपटायचा, नको असला की बशी. पेठ वडगावच्या एका लग्नात पांढरा रस्सा आधी दुसऱ्यांना वाढला म्हणून ते रुसले, आणि त्याच अवस्थेत, एक शब्द न काढता, पळीनं पातेलं बडवत अख्खी पंगत त्यांनी वाढून काढली. जेवणाऱ्यांना वाटलं, इथली पद्धतच असेल. अक्का सरावलेल्या. "बोलत असले की डोकं दुखतंय, रुसले की कान," असं म्हणायच्या.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी फक्त विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?"

"मला पेशंट समजताय व्हय, पावणं?" एवढं बोलून ते गप्प झाले. अक्कांनी माझी बाजू घेतली, म्हणून त्यांच्याशीही बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. "भावजी, या जरा. ह्यांच्या हातनं चहा सांडला, आन् ह्यांनी काहीच आपटलं न्हाय."

मला आधी हसू आलं. पण त्यांचा आवाज ऐकून ते तिथंच विरलं. जाऊन बघतो तर साडू खुर्चीत कललेले, तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. शेजारी म्हणाले, मलकापूरकडं एक जण लकव्याचा झाडपाला देतो, तिकडं न्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही त्यांना रिक्षात घातलं आणि मोठं हॉस्पिटल गाठलं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती ओढून काढता येते, पण फार उशीर झाला असेल तर फायदा कमी आणि धोका जास्त, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "हे शेवटचं नीट कधी बोलले?"

"काल संध्याकाळी," मी म्हणालो. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "कालपासनं ते रुसल्यात. बोलायचं सोडून सगळं करत हुते. सकाळी पेपरवाल्या पोरानं पेपर ओल्या फरशीवर टाकला, तर त्यांनी दार आपटलं. उजव्या हातानं. कडी निखळली, हवं तर येऊन बघा."

डॉक्टर तरुण होते, काय लिहावं त्यांना कळेना. "नीट आपटलं होतं?"

"रोजच्यासारखंच," अक्का म्हणाल्या.

स्कॅनही त्याला जुळत होता. डॉक्टरांनी पेपर आल्याची वेळ धरली आणि साडूंना आत नेलं. बाहेर बाकड्यावर बसून मी मनाशी म्हटलं, बाबा रे, जन्मभर रुस, पण मरू नकोस.

गुठळी निघाली. दुसऱ्या दिवशी हातात थोडी हालचाल आली. डॉक्टरांनी नाव विचारलं, साडू गप्प. पाणी हवं का, गप्प. त्यांना सगळं कळतंय, असं डोळ्यांवरून दिसत होतं. अक्का कॉटवर वाकल्या.

"राग गेला नसंल तर ऱ्हाऊ दे. माझ्याशी नगा बोलू. डाक्टरांशी तरी बोला."

साडूंचे ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. "राग... न्हाय," ते म्हणाले. "येत... न्हाय."

अक्कांनी तोंडाला पदर लावला.

आता साडू बोलतात, पण अडखळत. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलंय, अडलेला शब्द आपण पुरवायचा नाही, थांबायचं. म्हणून अक्का थांबतात, मीही थांबतो. परवा माझ्यावर त्यांचा कशावरून तरी पारा चढला. शिवी द्यायची होती, ती येईना. कोणती ते मला पाठ होतं. इतकी वर्षं जी ऐकून वैतागलो, तीच त्यांना सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. मी समोर उभा राहिलो. ते शोधत राहिले, मग दमले.

"बसा," एवढंच म्हणाले.

मी बसलो.